पाचांतला चौथा

"मान वर, काका," नंदा म्हणाली आणि तिने प्रभाकर कारखानीसांच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून मान अलगद उचलली. आता ती आपली आपण वर राहत नव्हती.

समोर टीव्हीवरचा माणूसही दाढीच करत होता. परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलात, बनियनवर, आरशासमोर. आरशात त्याच्या पाठीमागचं दार हळूच उघडताना दिसत होतं. त्याला ते दिसलं होतं, तरी वस्तरा थांबला नव्हता.

"हा कितवा?" कारखानीसांनी विचारलं. त्यांची जीभ जड झाली होती. शब्द तोंडातून ओल्या कापसासारखे निघायचे. घरच्यांना ते दोनदा विचारावे लागत; नंदाला एकदा पुरे.

"दुसरा."

"कशावरून?"

"पहिला असता तर एव्हाना वळून एक ठेवून दिली असती. त्याला दम कुठे निघतो? ह्याला घाई नाही. पण ह्याला माहितीये आपल्याला सगळे बघतायत. गाल कसा वळवतोय बघा. लग्नाच्या फोटोला बसल्यासारखा."

कारखानीस हसले. म्हणजे घशात घरघर झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. नंदाने रेझर बाजूला घेतला, हसू ओसरेपर्यंत थांबली, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली आणि उरलेला गाल पुरा केला.

बाळकुमच्या टॉवरमधल्या अकराव्या मजल्यावरच्या या खोलीत गेले आठ महिने रोज असंच चाललं होतं. नंदा रुग्णसेवेच्या ब्यूरोकडून आलेली, दिवसपाळीची. कल्याणहून भिवंडीमार्गे येणाऱ्या बसने बाळकूम नाक्याला उतरायची आणि आठाच्या आत लिफ्टपाशी असायची. ती आत शिरली की कारखानीसांचा मुलगा मुकुल आणि सून ऋजुता बाहेर पडायचे. मग घरात दोघंच.

कारखानीस कोलशेतच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. सरळ रेषेत आयुष्य गेलं होतं, छंद एकच. इंग्रजी सिनेमातला तो हेर. पन्नास वर्षांहून जास्त काळ त्याचे सिनेमे निघत होते आणि आजवर पाच नटांनी तो केला होता. पहिला म्हातारा झाला तेव्हा दुसरा आणला, दुसऱ्याचं जमेना तेव्हा तिसरा. हेर तोच, त्याचं वय तेच. कारखानीसांनी सगळे सिनेमे ठाण्यातल्या थिएटरांत पहिल्या आठवड्यात पाहिले होते. प्रत्येक सिनेमात एकदा तरी तो आरशासमोर दाढी करायचाच, आणि नट ओळखावा तो तिथे, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्षभरापूर्वीच्या दिवाळीत फराळाच्या वेळी त्यांना 'चकली' म्हणता येईना. सगळे हसले, तेही हसले. मग तपासण्या झाल्या. मज्जातंतूंचा आजार. स्नायू एकेक करून जाणार. जीभ, हात, मान, शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत राहणार. औषध नाही. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा कारखानीसांनी कागद मागितला आणि त्यावर लिहिलं, 'क्रम काय?'

पहिल्या दिवशी त्यांनी सिनेमा लावायला सांगितला तेव्हा नंदा म्हणाली होती, "मला इंग्लिश नाही कळत हां, काका. सातवी झालीये मी."

"उत्तम," ते म्हणाले होते. तेव्हा त्यांना बरंच बोलता येत होतं. "शब्दांनी माणूस फसतो, नंदाबाई. तुम्ही नुसतं बघा. आणि मला सांगा."

नंदा बघायला लागली. पहिल्या महिन्यात तिला पाचही जण सारखेच वाटत होते, गोरे आणि इस्त्री केलेले. मग एकेक वेगळा दिसायला लागला. पहिला कुठल्याही खोलीत शिरला की खोली त्याच्या बापाची असल्यासारखा शिरायचा. दुसरा देखणा, पण पळताना केस सांभाळायचा. तिसरा सारखं सगळं चेष्टेवारी न्यायचा. बंदूक रोखलेली असतानाही भुवई उडवायचा. चौथा वाळका, खांदे पडलेला, खुर्चीत बसताना गुडघ्यावर हात ठेवून बसणारा. पाचवा सगळ्यांत तरणा. त्याने शर्ट काढला की मुकुल खूश.

"पाचवाच बेस्ट," एका रविवारी मुकुल म्हणाला होता. तो मोबाइल हातात घेऊनच वडिलांच्या पलंगाशेजारी बसायचा. "रिअल ॲक्शन करतो, बाबा. तुमचा पहिला एक ठोसा मारायचा आणि तीन जण पडायचे. कायपण!"

"पहिला," कारखानीस ठामपणे म्हणाले.

"का पण?"

"तो सोडून... सगळे... त्याची नक्कल."

मुकुलने नंदाकडे पाहिलं. "ताई, तुमचं मत?"

"चौथा," नंदा म्हणाली.

"चौथा? अहो, तो फ्लॉप होता. तिनातच काढला त्याला."

नंदा कपडे घडी करत राहिली. कारखानीसांनी मात्र नजर तिच्यावर रोखली ती बराच वेळ काढली नाही.

जानेवारीत बोलणं जवळजवळ बंद पडलं. तेव्हापासून अक्षरांचा तक्ता आला. हात चालत होता तेव्हाच कारखानीसांनी तो करून ठेवला होता. काळ्या शाईत, नकाशावर लिहितात तशी सारख्या उंचीची अक्षरं. नंदा एकेका ओळीवर बोट ठेवायची, मग एकेका अक्षरावर. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. जोडाक्षर आलं की दोघांचीही दमछाक व्हायची.

त्याच महिन्यात तो कागद झाला. डॉक्टर आले होते, नोटरीचा माणूस आला होता. श्वास बंद पडायला लागला तर घशात नळी घालायची नाही, मशीनवर ठेवायचं नाही, दवाखान्यात न्यायचं नाही. घुसमट कमी करायला जिभेखाली ठेवायच्या गोळ्या तेवढ्या द्यायच्या. कारखानीसांचा अंगठा नंदानेच धरून टेकवला. खाली मुकुलने सही केली. डॉक्टरांनी त्याला दोनदा विचारलं, "समजलंय ना?" तो दोन्ही वेळा "हो, हो" म्हणाला.

संध्याकाळी नंदा निघाली तेव्हा मुकुल लिफ्टपर्यंत आला.

"ताई, एक सांगायचं होतं. तो कागद वगैरे ठीके. बाबांच्या समाधानासाठी केला. पण तसं काही झालंच ना, तर आधी ॲम्ब्युलन्स. नंबर फ्रिजवर लावलाय. मग मला फोन."

"पण तुम्ही सही केलीत, दादा."

"मग काय करणार होतो? ते बघत होते माझ्याकडे." लिफ्ट आली. त्याने हाताने दार अडवून धरलं. "माझी आई चार वर्षांपूर्वी गेली, ताई. आता ह्यांना पण असंच जाऊ देऊ? बसून बघत?"

नंदा "बरं" म्हणाली. बसमध्ये तिला वाटत राहिलं की आपण तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखानीसांनी तक्त्याकडे डोळे वळवले. अक्षरं जुळवायला दहा मिनिटं लागली. 'चौथा का.'

नंदाने टीव्ही लावला. चौथ्याचा पहिला सिनेमा काढला आणि पुढे पळवत पळवत एका जागी थांबवला. किल्ल्यासारख्या इमारतीचं फाटक होतं. पहारेकरी मरून पडला होता. हेर धावत आला, प्रेताजवळ पोचला, क्षणभर अडला आणि त्याच्या पायांकडून वळसा घालून आत गेला.

"बघितलंत?" नंदा म्हणाली. "बाकीचे चौघं मेलेल्याला ओलांडून जातात. हा बाजूने जातो."

कारखानीसांनी डोळे एकदा मिटले. मग पुन्हा उघडून त्यांनी टीव्हीकडेच रोखले. पुढचे तीन दिवस त्यांनी दुसरं काही पाहिलं नाही. पाचही जणांचे सिनेमे नंदाला काढायला लावून एकेक मुडदा तपासला. नंदाचं खरं होतं. पहिला ओलांडायचा, दुसरा ओलांडायचा, तिसरा तर एकदा प्रेतावरून उडी मारून गेला होता. पाचव्याला खाली कोण पडलंय हे माहीतच नसायचं. चौथा प्रत्येक वेळी वळसा घेत होता. फक्त एकदा त्याने ओलांडलं होतं.

"तिथे जिना अरुंद आहे," नंदा त्याची बाजू घेत म्हणाली.

पन्नास वर्षं कारखानीस ते सिनेमे बघत होते. चेहरे, आवाज, कपडे, चाल, सगळ्यांची तुलना त्यांनी केली होती. हे त्यांना दिसलं नव्हतं. ते तक्त्याकडे बघायला लागले. नंदाने बोट ठेवलं. 'तुम्हाला कसं दिसलं.'

नंदाने तक्ता मांडीवर घेतला.

"माझा नवरा डोंबिवलीला केमिकलमध्ये होता. पोपट नाव. बॉयलर फुटला. मला कळलं तसं मी धावत गेले, तर फाटकात चौघं आडवे ठेवलेले, चादरी घालून. आणि माणसं ये-जा करत होती त्यांच्यावरून. कोणी मुद्दाम नाही करत हो. घाई असते. मी पण एकाला ओलांडलं. मला वाटलं, आपला आत असेल." तिने पदराने नाक पुसलं. "होता. जिवंत होता. अकरा दिवस मशीनवर ठेवला. तोंडात पाइप. हाताने पाइप ओढायचा म्हणून दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधलेले. चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर आपसात बोलले, ह्यात काही राहिलेलं नाही. मी तिथेच उभी होते. पण मला कोणी सांगितलं नाही की, बाई, आता पुरे म्हणायचं असतं. म्हणता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं. ते सांगतील तिथे सही करत राहिले. अकराव्या दिवशी आपलं आपणच संपलं. मनगटं कापली गेली होती त्याची."

कारखानीसांनी अक्षरं मागितली. या वेळी वाक्य लांब होतं आणि ते मधे मधे थकून डोळे मिटत होते, त्यामुळे 'नाही' कुठलं आणि थकवा कुठला हे नंदाला ओळखावं लागत होतं. 'मला तिसरा आवडतो. मुकुलला सांगू नका. तिसऱ्याच्या सिनेमात हेमा हसली होती.'

हेमा म्हणजे दादांची आई, हे नंदाला माहीत होतं. तिने विचारलं, "बाकीच्यात?"

'झोपायची.'

आणि मग, अर्ध्या तासाने, 'माझे हात बांधू देऊ नका.'

"नाही देणार," नंदा म्हणाली. हे मात्र तिने लगेच म्हटलं.

मार्चच्या एका गुरुवारी, अकराच्या सुमारास, ती त्यांना पेज भरवून वाटी धूत असताना घशातला आवाज बदलला. ती आली तेव्हा ओठ निळसर व्हायला लागले होते. तिने पलंगाची पाठ उभी केली, सक्शनने घसा साफ केला, पुन्हा केला. कफ थोडा आला, पण श्वास येईना. छाती हलत होती, हवा जात नव्हती. तिने खिडकी उघडली, पंखा मोठा केला आणि गोळी जिभेखाली ठेवली. मग मोबाइलवर मुकुलला लावला आणि स्पीकर सुरू करून तो उशीजवळ ठेवला, कारण दोन्ही हात तिला हवे होते.

"दादा, काकांना श्वास लागलाय. या तुम्ही."

"ॲम्ब्युलन्स बोलावली?"

"नाही."

"नाही म्हणजे? बोलवा ना! आत्ता!"

नंदा कारखानीसांच्या तोंडाशी वाकली. "काका, गाडी बोलवू?"

डोळे दोनदा मिटले.

ऐन वेळी माणसाचं मन फिरतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने पुन्हा विचारलं. "खरं सांगा. बोलवू? काही वाटून घेऊ नका."

दोनदा.

"दादा, ते नाही म्हणतायत."

"ते काय म्हणतायत ते मला सांगू नका!" मुकुल ओरडला. मागे हॉर्न वाजत होते. तो ऐरोलीहून निघाला होता. "मी सांगतो ते करा! कोण तुम्ही ठरवणाऱ्या?"

नंदाने तिसऱ्यांदा विचारलं. कारखानीसांनी डोळे दोनदा मिटले आणि दुसऱ्यांदा मिटले ते मिटूनच घेतले.

"मी ठरवत नाहीये, दादा," ती म्हणाली. "तुमचे बाबा इथेच आहेत. त्यांना ऐकू येतंय. तुम्हीच बोला."

तिने फोन उचलून त्यांच्या कानाला लावला. पलीकडे काही वेळ नुसते हॉर्न ऐकू आले. मग मुकुलचा आवाज आला, बारीक. "बाबा. बाबा, मी येतोय."

तिने दुसरी गोळी ठेवली. त्यांचा हात धरला. तो केव्हाच मेलेला हात होता, त्यात पकड नव्हती, पण ऊब होती. ती त्यांना सांगत राहिली की कळव्याला ट्रॅफिक असणार, पण येतील दादा. की खिडकी उघडलीय. की हात मोकळे आहेत तुमचे, बघा. श्वासातली धडपड हळूहळू कमी झाली. मग श्वास लांब लांब गेले. दोन श्वासांच्या मधे ती मनात आकडे मोजत होती. एकदा आकडे पस्तीसच्या पुढे गेले आणि तिने मोजणं थांबवलं.

मुकुल बारा वाजून दहा मिनिटांनी आला. वाटेत त्यानेच बोलावलेली ॲम्ब्युलन्स त्याच्या मागोमाग आली, आणि स्ट्रेचर घेतलेले दोघे जण दारात चपला काढायच्या की नाही ते न कळून उभे राहिले. मुकुल पलंगापाशी गेला. वडिलांच्या गालाला हात लावला. मग वळला.

"तुम्ही नुसत्या बसून राहिलात," तो म्हणाला. "एक फोन करायचा होता. एक."

डॉक्टर येईपर्यंत नंदा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. नातेवाईक जमायला लागल्यावर तिने पिशवी उचलली आणि ती जिन्याने खाली उतरली. लिफ्टसाठी माणसांची रांग होती.

आठवड्याने ब्यूरोच्या प्रीतीमॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"नंदा, पेशंट गेला त्याचं काही नाही गं. जायचेच होते ते. पण मुलाने लेखी कम्प्लेंट दिलीये. सांगूनही ॲम्ब्युलन्स बोलावली नाही म्हणून."

"कागद होता, मॅडम. त्यांची सही आहे त्याच्यावर."

"असेल. पण आपण कागद बघायला जातो का? आपल्याला घरचे सांगतील ते करायचं." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी काढत नाहीये तुला. पण सध्या कोणाकडे पाठवता नाही येणार. लोक विचारतात."

नंदाने वाद घातला नाही. कोळसेवाडीत घराजवळच एका पोळीभाजी केंद्रात ती लागली. सकाळी सहापासून चारशे पोळ्या. तिथे कोणाशी बोलावं लागत नव्हतं. मुलगा विनीत एकदा म्हणाला, "आई, तू सरळ गाडी बोलवायची होतीस ना. कोण कशाला टेन्शन घेतंय?" ती म्हणाली, "हो रे." आणि तव्यावरची पोळी उलटली. पण खरंतर तिला रोज उठल्यावर गाडी बोलवायला हवी होती का, हाच प्रश्न पडायचा आणि झोपताना 'नाही' हेच उत्तर मिळायचं. उत्तर तेच असलं तरी मनावरचं ओझं काही हलकं होत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दारात मुकुल उभा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात काही नाही. नंदाने त्याला क्षणभर ओळखलंच नाही. दाढी वाढली होती.

"प्रीतीमॅडमकडून पत्ता घेतला," तो म्हणाला. "येऊ का?"

"या ना, दादा."

तो खाटेच्या कडेला बसला. नंदा जमिनीवर. विनीत कामावर गेला होता. तिने पाणी दिलं. त्याने पेला हातात धरला, प्यायला नाही.

"मी कम्प्लेंट मागे घेतली. कालच. तुम्हाला कळवतील ते."

"बरं."

"सॉरी वगैरे म्हणायला नाही आलो. म्हणजे, ते आहेच. पण..." तो थांबला. "दोन महिने झाले, एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग मी ते बोललो ते... ते काय म्हणतायत ते मला सांगू नका. ते त्यांनी ऐकलं?"

नंदाने त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण पोपटच्या वेळी डॉक्टर तिच्यासमोर उभे राहून आपसात बोलले होते, ते तिला आठवत होतं. कोणीतरी आपल्याशी बोलायला हवं होतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"ऐकलं, दादा," ती म्हणाली. "दोन्ही ऐकलं. मी येतोय म्हणालात तेही. पहिलं ऐकल्यावर डोळे मिटून घेतले होते. येतोय म्हणालात तेव्हा उघडले."

"उघडले?"

"उघडले. फोनकडे वळवले."

मुकुलने मान हलवली. एकदा, आणि मग उगाचच आणखी काही वेळा. "त्रास झाला त्यांना?"

"झाला. दहा मिनिटं झाला. गोळ्यांनी मग कमी झाला. नंतर नुसते श्वास लांब लांब गेले. हात मोकळे होते त्यांचे."

त्याने पेला जमिनीवर ठेवला आणि चेहऱ्यावर दोन्ही हात घेतले. आधी आवाज आला नाही, मग आला. मोठ्या माणसाला रडायची सवय नसते, तसा तो मधे मधे अडकत रडत होता.

भिंतीपलीकडच्या घरात कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. ओट्यावर डाळीचा कुकर होता; त्याची वाफ फुसफुसायला लागली होती, आता कुठल्याही क्षणी शिटी झाली असती. नंदा आवाज न करता उठली आणि तिने गॅस बंद केला. मग परत येऊन भिंतीला टेकून बसली आणि त्याचं रडणं संपायची वाट बघत राहिली.